तांदळातलं नाव

जावयानं कसं वागावं याची काही रीतभात असते. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीचं बोलावणं आलं, तर जावयानं यावं, पाटावर बसावं, पुरणाचे धोंडे खावेत, नको नको म्हणत पोशाख घ्यावा आणि सासूनं ओवाळलं की मान लववावी. सुलाबाईच्या जावयानं काय केलं? आला तो कॅमेरा घेऊन आला. पुढच्या गाडीत तो आणि लेक, मागच्या गाडीत सांगलीच्या कुठल्याशा चॅनेलची पूजा नावाची पोरगी आणि तिचा कॅमेरावाला. बरं, माणसं आणायची तर आधी फोन करावा, चार धोंडे जास्त वळले असते. तेही नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या सासूच्या पाया पडायला वाकला आणि वाकला तो तसाच थांबला. सुलाबाईला वाटलं, कंबर धरली की काय. तर मागून पूजा म्हणाली, "सर, अजून एकदा. आजींचा चेहरा आला नाही."

जावई दुसऱ्यांदा वाकला.

"आवं, पाया पडायला आलासा का जोर काढायला?" सुलाबाई म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नाही.

म्हसवडच्या अलीकडं, माळावर तिची वस्ती. नवरा कोंडीबा होता तोवर मेंढरं होती, वर्षातले निम्मे महिने पाठीवर बिऱ्हाड. आता डाळिंबाची बाग होती आणि जुन्या सवयीपायी ठेवलेली थोडकी मेंढरं. कोंडीबा गेल्यापासून घरात 'असं का' म्हणून विचारणारं कुणी उरलं नव्हतं आणि ते सुलाबाईला मानवलंही होतं. शाळेशी तिचं दुसरीतच बिनसलं. मास्तरनं छडी उगारली, तिनं ती हिसकून मोडली आणि घरी आली ती परत गेली नाही. पण माणूस दारातून आत येईपर्यंत तो काय घेऊन आलाय आणि काय घेऊन जाणार आहे, हे तिला कळायचं. निदान तसा तिचा समज होता. ह्या जावयाच्या बाबतीत मात्र उशीर झाला.

जावयाचं नाव विश्वजित. सांगलीला विश्रामबागेत बापाचा बंगला, पुण्याच्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्याची नोकरी. दगडात गाडल्या गेलेल्या जुन्या जनावरांची हाडं शोधायची, हे त्याचं काम. लेकही तेच शिकलेली. कोंडीबानं तिचं नाव बाणाई ठेवलं होतं. खंडोबानं जिच्यापायी धनगरवाड्यावर मेंढरं राखली, ती बाणाई. म्हसवडला शिकली, साताऱ्याला शिकली, पुण्याला जाऊन दगडांची डाक्टरीण झाली, तरी ती बाणाईच राहिली. लग्नाच्या दिवसापर्यंत.

लग्न सांगलीला, मोठ्या कार्यालयात. सगळं झाल्यावर नवऱ्या मुलापुढं तांदळाचं ताट आलं. त्यात बोटानं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. विश्वजितनं झोकात लिहिलं, शिवांजली. कोंडीबा तेव्हा होता. त्यानं अडखळत वाचलं आणि विहिणीला विचारलं, "का वं, बाणाई काय वंगाळ हाय?"

विहीण विजयमाला म्हणजे साखरेत घोळलेलं बोलणं. "वंगाळ नाही हो. पण चार शिकल्यासवरल्यांत हाक मारायला जरा..." ती पुढचं बोललीच नाही. न बोलताच सगळं सांगायची विद्या सांगलीच्या बायकांना चांगली येते, असं सुलाबाईचं मत तेव्हापासूनचं.

सुलाबाई मात्र लेकीला एकदाही शिवांजली म्हणाली नाही. फोनवर विहिणीनं "शिवांजली आंघोळीला गेलीय" म्हटलं, की ही म्हणायची, "ती जाऊ द्या, माझी बाणाई कुठं हाय?"

आणि आता ते तांदळातलं नाव जगभर झालं होतं. कच्छच्या माळावर एका जनावराची हाडं सापडली. कोट्यवधी वर्षांमागचं, झाडपाला खाणारं, हे एवढं धूड आणि घराच्या आढ्यावरून पलीकडं डोकावेल एवढी लांब मान. आजवर कुणी न पाहिलेली जात. त्याचं नाव जावयानं ठेवलं, शिवांजलीसॉरस. वर्तमानपत्रांत फोटो आले. 'बायकोवर असं प्रेम करावं,' म्हणून बाया आपापल्या नवऱ्यांना दाखवू लागल्या. गावात फ्लेक्स लागला. सुलाबाईचा दीर नानासो, ग्रामपंचायतीचा सदस्य, त्यानं तो लावला. एका बाजूला बाणाईचा लग्नातला फोटो, दुसऱ्या बाजूला लांब मानेचं जनावर, दोघांच्या मधे नानासो हात जोडून उभा. खाली मोठ्या अक्षरांत, 'आमच्या गावची कन्या शिवांजलीसॉरस हिचे हार्दिक अभिनंदन.'

"वैनी, फाट्यावर पुतळा बसवू म्हणतो," आज सकाळीच नानासो येऊन म्हणाला होता.

"कुनाचा? जनावराचा का जावयाचा?"

"जनावराचा की."

"मग बसवा. त्यानं कुनाचं काय खाल्लं न्हाई. पाला खाऊन गेलं बिचारं."

नानासोला ते कळलं नाही. खरं तर तिलाही तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं. नाव खुपत होतं, एवढंच. बाकी अभिमान होताच. लेकीनं शोधलेल्या जनावराला लेकीचं नाव, मग ते तांदळातलं का असेना.

कॅमेरा अंगणात लिंबाखाली लागला. विश्वजितनं केस नीट केले, मागं मेंढरांचा वाडा येईल अशी खुर्ची फिरवून घेतली. सुलाबाई चुलीपुढं धोंडे तळत होती. तिचं तोंड कढईकडं, पण कान अंगणात.

"एका कोरड्या ओढ्याच्या काठावर," जावई सांगत होता, "मला मातीतून वर आलेलं काहीतरी दिसलं. दुसऱ्या कुणाला तो साधा दगड वाटला असता. पण माझी नजर तिथं थांबली. तो मानेचा मणका होता."

सुलाबाईचा झारा हातातच थांबला. कढईतला धोंडा काळा पडला.

तिला तो दिवस चांगला आठवत होता. मागच्या की त्याच्या मागच्या हिवाळ्यात बाणाईचा फोन आला होता. फोन लागावा म्हणून पोरगी टेकडी चढून गेली होती, धाप लागलेली. "आये, घावलं गं! मणका हाय मानंचा, आपल्या उखळाएवढा! आन् त्याच्या म्हागं दुसरा, त्याच्या म्हागं आनिक! मान टाकून मेंढरू मरतंय न्हवं, तशी वाकडी मान हाय समदी!" सुलाबाईनं विचारलं होतं, जावईबापू काय म्हनत्यात? तर बाणाई हसली होती. "ते कुठं हायती हितं? त्येंचं पोट बिघडलंय, भुजला लॉजवर पडून हायती. म्या आन् दोन गडी हाय." मग ती दिवसचे दिवस उन्हात बसून राहिली. ब्रशानं माती झाडली, तागाच्या पट्ट्या प्लास्टरात बुडवून हाडांना गुंडाळल्या, मोडल्या पायाला बांधतात तशा. हाताची सालटं निघाली. घरी आली तेव्हा सुलाबाईनंच तिच्या हातांना लोणी लावलं होतं.

"बाणाई, हिकडं ये," तिनं हाक दिली.

बाणाई आत आली. अंगावर सासूनं दिलेली पैठणी, तोंडावर पावडर, आणि पावडरीखाली उन्हात भाजलेली ती जुनीच कातडी.

"हाडं कुनाला घावली?"

"हळू बोल, आये."

"हळूच बोलतीया. कुनाला घावली?"

बाणाईनं तेलातला काळा धोंडा बाहेर काढला, ताटात ठेवला, उगाच त्याच्याकडं बघत राहिली. "मला."

"मग त्यो मानूस भाईर काय बरळतोय?"

"ते तसंच सांगत्यात सगळीकडं. आधी 'आमच्या टीमला' म्हनायचे. आता 'मला' म्हनत्यात. सांगून सांगून त्येंचं त्येंलाच खरं वाटाय लागलंय बग."

"आन् तू?"

मग बाणाईनं सांगितलं. एखादं नवं जनावर सापडलं की जगाला कळवणारा लेख लिहितात. लिहिणाऱ्यांची नावं वर छापतात. ज्याचं नाव तिथं, ते काम त्याचं. पुढं कामाला बोलावणं त्याला, नोकरी त्याला. आता, जनावराला नाव द्यायचं ते लिहिणाऱ्यानं. पण एक रिवाज आहे. लिहिणाऱ्यानं स्वतःचंच नाव जनावराला द्यायचं नसतं, लोक हसतात.

"व्हय, मग?"

"मग त्येंनी जनावराला माझं नाव दिलं."

सुलाबाईला कळायला वेळ लागला नाही. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला. दुसऱ्याच्या मेंढराच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा ओढून ते आपल्या वाड्यात घालणारे पुष्कळ पाहिले होते. पण मेंढराच्या धन्यालाच हार घालून, त्याच्या देखत वाजतगाजत नेणारा हा पहिलाच.

"म्हंजी जनावराला तुझं नाव, म्हनून ल्हेनाऱ्यात तुझं नाव न्हाई."

"व्हय."

"तुला इचारलं हुतं?"

"वाढदिसाला केक आनला. केकवर जनावर काढलेलं, खाली नाव. मला इतकं रडू आलं आये, आनंदानं. सासूबाईंनी दृष्ट काढली. समदी म्हनली, नशीब काढलंस. मग आठ-पंधरा दिसांनी ध्येनात आलं. इचारलं, तर म्हनले, लेख पाठवून झाला. आता काय करता येत न्हाई."

"आन् आता?"

"आता हिवाळ्यात डोस्कं काडायचंय, आये. डोस्कं आजून तिथंच हाय, काठाच्या आत. कुठं हाय ते मला ठावं हाय. म्या खून ठिवलीया." तिचे डोळे एकदम पूर्वीसारखे झाले, टेकडीवरून फोन करणाऱ्या पोरीसारखे. मग विझले. "पर ज्येंची नावं हायती तीच मानसं जानार. म्या म्हनलं, मी काय म्हनून येऊ? तर म्हनले, बायको म्हनून ये की. तंबूतलं जेवनाखानाचं तुला झ्याक जमतंय."

चुलीतलं लाकूड तडतडलं. सुलाबाईनं ते चिमट्यानं मागं ओढलं.

"भाईर चल. त्या पोरीला सांग, मला घावलं म्हनून."

"न्हाई, आये."

"मग म्या सांगते."

बाणाईनं तिचा हात धरला. लहानपणी ताप चढल्यावर धरायची तसा. "आये, तुला शपत हाय. त्यो लेख खोटा ठरला तर जनावरबी खोटं ठरंल. लोक म्हनतील नवरा-बायकूचं भांडान. त्येंची नोकरी जाईल, आन् माझी तर आधीच न्हाई. समद्यांनी मिळून मलाच कुजकी म्हनायचं. नवऱ्यानं एवढा मान दिला, आन् ही बया कुरकुरती. काय बोलू नगंस."

हे बोलणं खरं होतं, म्हणूनच सुलाबाईला ते तेलाच्या चटक्यासारखं लागलं. जगात कुणीही बाणाईच्या बाजूनं बोललं नसतं. फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला नानासोही नाही.

बाहेरून पूजा आली. "मॅडम, आता तुमचा बाईट. फक्त दोन मिनिटं."

बाणाई बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली. विश्वजितनं येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. पूजानं विचारलं, "शिवांजली मॅडम, एवढ्या महाकाय प्राण्याला तुमचं नाव मिळालं. कसं वाटतं?"

सुलाबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. लेकीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. ज्याच्या लांब मानेचं जगभर कौतुक, त्या जनावराला हिचं नाव, आणि हिला मान वर करता येईना.

"खूप अभिमान वाटतो," बाणाई म्हणाली, त्या सांगलीच्या मऊ बोलीत. "ह्यांनी मला एवढं मोठं गिफ्ट दिलं. प्रत्येक बाईला असा नवरा मिळावा."

"वा!" पूजा म्हणाली. तिचा आवाज खरंच भरून आला होता. मग ती सुलाबाईकडं वळली. "आजी, तुम्ही पण बोला ना काहीतरी. मुलीच्या नावाचा डायनोसॉर! काय वाटतं?"

लेकीनं नुसती नजर वर केली. त्या नजरेत शपथ होती.

सुलाबाई लिंबाखाली गेली. पदर नीट केला. कॅमेऱ्याच्या काळ्या डोळ्यात बघून म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव बाणाई हाय. बाणाई कोंडीबा. त्येवढं दावा."

"हो आजी, पण प्राण्याचं नाव..."

"जनावराचं तुमचं तुमी बघा. लेकीचं नाव म्या सांगितलं."

पूजा गोड हसली. पाठ फिरवून कॅमेरावाल्याला हळूच म्हणाली, "हे काढून टाकू. लोकांना कन्फ्यूजन होईल." सुलाबाईला दिसायला थोडं कमी आलं होतं, ऐकायला नाही.

तरी तिनं दोघांना जेवू घातलं. दारात आलेल्या माणसाचा काय दोष? कॅमेरावाल्यानं चार धोंडे तुपात बुडवून खाल्ले आणि म्हणाला, आजी, असं पुरण सांगलीत मिळत नाही. "सांगलीत काय काय मिळत न्हाई ते म्या आज बघितलं," ती म्हणाली. तो हसला. मागची गाडी धूळ उडवत म्हसवडच्या रस्त्याला लागली.

मग अंगणात पाट मांडले. दोन, जोडीनं. विश्वजित ऐसपैस बसला, बाणाई शेजारी अंग चोरून. नानासो भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. सुलाबाईनं ताट आणलं. निरांजन पेटलेलं, पोशाख घडी करून ठेवलेला. पण ताट हातात धरून ती उभीच राहिली.

"आई, ओवाळा की," विश्वजित हसत म्हणाला. "का कॅमेरा गेला म्हणून उत्साह गेला?"

"जावईबापू, एक इचारू का? म्या अडानी हाय."

"विचारा ना."

"तुमी भुजला लॉजवर हुतासा तवा हाडं कुनाला घावली?"

नानासोचा अडकित्ता थांबला. विश्वजितनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं ताटाकडं. "आई, तसं नसतं हो," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "सापडणं म्हणजे काही फार मोठं नाही. सापडतं कुणालाही. ते काय आहे, कुठल्या जातीचं, ते सिद्ध करणं हे खरं काम."

"ते कुनी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी."

"हिनं?"

"हिनंही केलं. मोजमापं हिचीच आहेत. मी कधी नाही म्हटलंय? म्हणून तर नाव दिलं ना! रिवाजच असा आहे, ज्याचं नाव द्यायचं त्याला लिहिणाऱ्यांत घेता येत नाही."

"मग जनावराला तुमचं नाव द्यायचं हुतं."

"अं?"

"जनावराला तुमचं नाव. विश्वजित. दिसायबी बरं. तुमी भाईर ऱ्हायला असतासा, ही आत आली असती. रिवाजबी मोडला नसता."

वाड्यातलं एक मेंढरू खोकलं. विश्वजितच्या तोंडावरचं हसू जागेवरच राहिलं, पण त्याच्या मागं आता कुणी नव्हतं.

"मी प्रमुख आहे, आई. माझ्याशिवाय तो लेख उभाच राहिला नसता."

"आये, पुरं झालं," बाणाई पुटपुटली.

विश्वजितनं बायकोच्या हातावर हात ठेवला. त्याचा आवाज आता सभेतला झाला. "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. नीट विचार करा. लेख लोक विसरतात. नाव विसरत नाहीत. शंभर वर्षांनी माझं नाव कुणाला माहीत नसेल. हिचं असेल. शिवांजली! याहून जास्त कुठला नवरा देतो?"

त्याला ते मनापासून वाटत होतं. तेच सुलाबाईला सगळ्यात वाईट वाटलं. लबाडाला लबाड म्हटलं की तो चिडतो तरी. हा चिडणार नव्हता. हा आयुष्यभर असाच हार घालत राहणार होता आणि लेक मान वाकवत राहणार होती.

तिनं निरांजनावर फुंकर घातली. सणाच्या ताटातली वात तोंडानं विझवू नये म्हणतात. नानासो "वैनी!" म्हणून अर्धा उठला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ताट भुईवर ठेवलं, कमरेवर हात ठेवून जावयापुढं उभी राहिली.

"शंभर वर्सांम्होरलं मला सांगू नगासा, जावईबापू. तवा आपन समदीच मातीत असू. नाव देत्यात ते मेलेल्याचं, शाळंला द्या न्हाईतर रस्त्याला द्या. जित्या मानसाला त्येचं काम द्यायचं आस्तं. माझी लेक जिती हाय. हात धड हायती तिचं, डोळं धड हायती, डोस्कं कुठं पुरलंय ते तिला ठावं हाय. तिचं काम तुमी घेतलंसा आन् जितेपनी तिला मेलेल्याचा मान दिलासा. चोर निदान तोंड झाकून येतो, जावईबापू. त्येला ठावं आस्तं, आपुन चोर हाय म्हनून. तुमाला त्येवढंबी ठावं न्हाई."